खुर्चीवरचा रुमाल

परवा डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या ट्रेनच्या लाउंज डब्यात बसायला जागा नव्हती. मी दांडा धरून उभा राहिलो आणि बाबांचा चौकड्यांचा रुमाल आठवला.

पंचवीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना मी याच ट्रेनने नेलं होतं. मोठमोठ्या काचा, कॉफीचा वास, खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्च्या. येईल त्याने बसावं. गुडघ्यांमुळे आई मागून हळूहळू येत होती. बाबा एका खुर्चीत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकला, एस.टी.त टाकतात तसा. मला लाज वाटली. “बाबा, इथे असं नाही करत,” म्हणत मी तो उचलला. लगेच एक गोरे आजोबा तिथे बसले.

आई आल्यावर बाबांनी तिला आपली खुर्ची दिली आणि तासभर उभे राहिले. माझ्या मांडीवर लेक झोपली होती, म्हणून मी बसल्या बसल्याच म्हणालो, “बाबा, दमाल हो.”

“अरे, उभ्याने जास्त दिसतं,” ते हसले. मला ते खरं वाटलं.

“डॅड, टेक माय सीट,” परवा तीच लेक म्हणाली. तिला सातवा महिना लागलाय.

“अगं, उभ्याने जास्त दिसतं,” मी म्हणालो.

मला दिसत होती ती फक्त बसलेल्यांची डोकी.