बैलावरचा सेनापती

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. राळेगावच्या गाडीत कोणीतरी एक पुस्तक विसरलं. बाबांनी ते डेपोत जमा केलं. न्यायला कोणी आलं नाही, म्हणून शेवटी त्यांनाच मिळालं. सोव्हिएत घोडदळातल्या एका सेनापतीचं चरित्र. बाबांनी जन्मात तेवढं एकच पुस्तक वाचलं, पण असं वाचलं की तो रशियन माणूस आमच्याकडे घरजावयासारखा राहायला आला. चहाला तो, जेवताना तो. बाबांनी त्याची लढाई सुरू केली की आई भाजी निवडायला उठायची आणि मला हटकून अभ्यास आठवायचा.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्यातल्या वेशभूषा स्पर्धेसाठी, बाबांनी माझ्या मुलीलाच सेनापती केलं. लोकरीची काळी टोपी, काजळाच्या मिशा, तुराटीची तलवार. पण तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाशिवाय जाता येतं होय? मग आमचा सेनापती चाकांच्या बैलावर बसून चौकात आला. भाद्रपदाच्या उन्हात मिशा हनुवटीपर्यंत ओघळल्या. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. बाबा मात्र नवरीच्या बापासारखे घामाघूम झाले होते.

"आज तरी लोक आयकतीन," ते हळूच म्हणाले. माझं हसू थोडं ओसरलं.

मुलीने पाठ केलेलं सुरू केलं, "मी गरिबाचा पोरगा. दुसऱ्याचे घोडे राखत होतो..."

"सेनापती, तुमचा घोडा कुठं हाय?" परीक्षक मॅडमनी मध्येच विचारलं.

मुलगी गडबडली. "घोडा मेला लढाईत. म्हून बैल आणला."

अख्खा चौक हसला. आणि गर्दीतून बाबांचा आवाज आला, "घोडा मेला नाही. कायले खोटं सांगतं, पोरी?"

"मंग तुमीच सांगा न, काकाजी," म्हणत मॅडमनी माइक पुढे केला.

बाबांनी माइक धरला आणि गर्दीकडे पाहिलं. मग सवयीने तोंडातून निघालं, "चला, पुढं सरका, मागं जागा करा." माणसं, पोरं, लाकडी बैल, सगळे मुकाट्याने सरकले. तिथून गाडी जी सुटली, ती थांबेना. गरिबी झाली, फौज झाली, क्रांती झाली. बक्षिसं टेबलावर तशीच पडून राहिली.

"गोळी लागली. सेनापती बर्फात पडला. दुश्मन जवळ येऊन राह्यला. घोडा मोकळा हाय, पळू शकते..." बाबा श्वास घ्यायला थांबले.

घरी नेमक्या इथेच आम्ही उठायचो. घोडा मेला असंच मीही इतकी वर्षं धरून चालले होते.

"मंग?" कोणीतरी विचारलं.

बाबांनी वळून पाहिलं. मीच विचारलं होतं. आणि एवढ्या चौकात पुढचं सगळं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.