सोन्याच्या ढगाखाली

तोकुजीसानच्या पडद्यावर चहा मी सांडला. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि कप माझ्या हातात होता.

पडदा साधासुधा नव्हता. लाकडी चौकटींवर कागद ताणून रंगवलेला, सहा घड्यांचा तो पडदा रविवारी लग्नात त्यांच्या नातीच्या, मियोकोच्या, पाठीशी उभा राहायचा होता. डोळे अधू झालेत, आता रंगवतोय तो हा शेवटचा, असं तोकुजीसाननी स्वतःच जाहीर केलेलं. आणि आज शुक्रवार! दगड कुटून केलेले, सरसात कालवलेले रंग ते. खालच्या कोपऱ्यात कुंपणाशी उभा असलेला अंगठ्याएवढा माणूस बघता बघता निळ्या चिखलात विरघळला.

"टोफू विकतोस ना?" तोकुजीसान म्हणाले. "मग टोफूच धर. कप तुला झेपत नाही."

आमच्या क्योतोत साधा नकारसुद्धा तीन वळणं घेऊन येतो. तोकुजीसानचा दाराशीच मिळतो.

तीस वर्षांचा शेजार. रोज सकाळी टोफू पोचवायला जायचं आणि तासभर बूड हलवायचं नाही, हा माझा नेम. ते रंगवतात जुन्या दरबारी गोष्टी: आतलं सगळं दिसावं म्हणून छपरं काढून टाकलेली घरं, वस्त्रांच्या ढिगात बसलेल्या बायका, आणि चेहरा म्हणजे डोळ्याला एक रेघ, नाकाला एक आकडा.

"एकदा मलाही घाला की चित्रात," मी दर नववर्षाला म्हणायचो.

"दरबारात टोफूवाला कुठून आणू?"

"चेहरे सगळे सारखेच असतात. मी खपून जाईन."

"सारखेच आहेत, मग तूच कशाला?"

असा माणूस. पण मला न्यूमोनिया झाला तेव्हा पंधरा दिवस माझ्या दुकानात उभं राहून टोफू कापत होता. इतक्या सरळ रेघेचा टोफू गल्लीनं पुन्हा पाहिला नाही, असं गिऱ्हाइकं मला अजून ऐकवतात.

"रडतोस काय? दार लाव," ते म्हणाले. त्यांनी कोपरा टिपला, दुपारपर्यंत वाळू दिला, सरसाचा हात फिरवला. मग सोन्याचा वर्ख काढला. "आता श्वास जपून घे. बोललास तर सोनं उडेल."

बांबूच्या चिमट्यानं एकेक पान बसत गेलं. मी, मी तासभर गप्प! डागावर हळूहळू एक सोनेरी ढग सरकत आला. एकटा दिसू नये म्हणून वर दुसरा आला. अशा चित्रांत ढग असतातच. नको ते त्यांच्याखाली जातं.

संध्याकाळी मियोको आली. "आजोबा, हा ढग काल नव्हता! किती सुंदर!"

"टोफूवाल्याची कल्पना," तोकुजीसान म्हणाले.

ती गेल्यावर मी नाक पुसलं आणि विचारलं, "तोकुजीसान, त्या ढगाखाली कोण होतं हो?"

कुंचला धुता धुता, मान वर न करता ते म्हणाले, "तूच, टोफूची बादली घेऊन."