'चालते व्हा' म्हणणारा बाप

"चालते व्हा माझ्या घरातून! तुम्ही माझे मुलगे नाहीत!"

परबने आवाज असा लावला की कँटीनच्या बरण्या हलल्या. मी कपाळावर हात मारला.

"अहो परब, मुलगा एकच आहे. आणि बाप मुलाला 'चालते व्हा' म्हणतो का? 'चालता हो' म्हणायचं. 'तू माझा मुलगा नाहीस.' स्क्रिप्टमध्ये तसं लिहिलंय."

"होय बाई."

पुन्हा केलं. पुन्हा 'चालते व्हा'.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मुलुंडच्या एका कारखान्यातली. तेव्हा कंपन्याकंपन्यांत एकांकिका स्पर्धा जोरात चालत. कामगार आणि साहेब एकत्र नाटक बसवत आणि आम्हा पार्ल्याच्या हौशी मंडळींना दिग्दर्शनाला बोलावत. मी नऊ वर्षं बोलावलं की जात होते आणि नऊ वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन परत येत होते.

नाटक साधं होतं. मुलगा गुपचूप बापाची खोली स्वतःच्या नावावर करून घेतो, बापाला कळतं, बाप त्याला हाकलतो. मुलगा होते गुप्ते साहेब, पर्सोनेल मॅनेजर. तालमीला दोन तास आणि कँटीन त्यांनीच मिळवून दिलं होतं, त्यामुळे त्यांना मोठा रोल देणं आलंच. काम बेताचं, पण माणूस वाईट नव्हता. बाप होता डिस्पॅचमधला शिपाई परब. वयाने साहेबांपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा. मूळचा मालवणकडचा, गावच्या दशावतारात राजा व्हायचा. दशावतारात लिहिलेली वाक्यं नसतात. समोरचा काय बोलला ते ऐकायचं आणि उत्तर जागच्या जागी रचायचं. असा नट मला नऊ वर्षांत मिळाला नव्हता.

आणि तो नट मुलाला अहो-जाहो करत होता!

बरं, अडचण फक्त साहेबांपुरती. एकदा साहेब मीटिंगला गेले, म्हणून मुलाच्या जागी स्टोअर्सच्या एका क्लार्कला उभं केलं. परबने त्याला असा झाडला की बिचारा खरोखर दारापर्यंत गेला.

मग मी साहेबांनाच सांगितलं, तुम्ही समजावा त्याला.

"ए परब, बिनधास्त म्हण रे. मी काय खातोय तुला?"

"होय साहेब," परब म्हणाला. आणि नाटकात, "चालते व्हा."

गंमत म्हणजे साहेब नाटकात त्याला "बाबा, तुम्ही" म्हणायचे. तालीम संपली की लगेच, "ए परब, चहा सांग." दोघांचंही पाठांतर चोख होतं म्हणायचं.

शेवटी मी परबला बाजूला घेतलं. "खरं सांगा, काय भानगड आहे?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. "बाई, सहा वर्षां मी टेंपररी. पर्मनंट होवचो कागद साहेबांच्या टेबलार आसा. तेंका मी 'चालता हो' म्हणू? उद्या तेच माका म्हणतले!"

त्याच्या घरी बायको, दोन मुली, आणि नोकरी आज आहे उद्या नाही. माझी मलाच लाज वाटली. मी महिनाभर त्याला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवत होते आणि त्याचा श्वास त्या टेबलावर अडकला होता.

म्हणून मी तडजोड केली. वाक्यच कापलं. म्हटलं, काही बोलू नका, नुसतं दाराकडे बोट दाखवा. रंगीत तालमीत, म्हणजे कपडे-मेकअपसकट होते त्या शेवटच्या तालमीत, ते बोट बस स्टॉप दाखवल्यासारखं दिसलं. मी दहाव्या उत्तेजनार्थची मानसिक तयारी केली.

प्रयोग पार्ल्याच्या एका हॉलमध्ये, दुपारचा. पहिल्या रांगेत कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब. गुप्ते साहेबांनी एन्ट्री घेतली, समोर पाहिलं, आणि संपलं. पुतळा! प्रॉम्प्टर, म्हणजे पडद्याआड वही घेऊन बसून विसरलेलं वाक्य पुरवणारा माणूस, आमच्या टायपिस्ट सावंतबाई होत्या. त्यांनी वाक्य दोनदा दिलं. तिसऱ्या रांगेला ऐकू गेलं, गुप्ते साहेबांना नाही. लोक खुसखुसायला लागले. साहेबांच्या कानशिलावरून मेकअप ओघळायला लागला. विंगेत मी देवाचं नाव घेत होते.

तेवढ्यात परब खुर्चीतून उठला.

"काय रे? मिठाची गुळणी धरलीस तोंडात?"

असं वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

"बापाकडे बघायची लाज वाटते? सांग की, खोली तुझ्या नावावर करून घेतलीस म्हणून!"

"हो… बाबा, खोली माझ्या नावावर आहे," साहेब म्हणाले.

"आणि आता मी जाऊ म्हणतोस? बोल ना!"

"जायचं तर तुम्ही जा."

एकेक वाक्य त्याने साहेबांच्या तोंडातून काढून घेतलं. लोकांना वाटलं बाप चिडलाय. आम्हालाच माहीत, बाप प्रॉम्प्टिंग करत होता. आणि मग, मी कापलेलं ते वाक्य आलं.

"चालता हो!"

साहेब चालते झाले. खरोखरच! त्यांची अजून दोन मोठी भाषणं बाकी होती. विंगेत येऊन मला विचारतात, "पुढे काय?"

"पुढे काही नाही साहेब. तुम्हाला घालवलंय."

स्टेजवर परब एकटा. त्याने चष्मा काढला, खुर्चीत बसला, दाराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "झील गेलो." झील म्हणजे मालवणीत मुलगा. मी स्वतः रडत होते, आणि पडदा पाडायची खूण द्यायला विसरले. सावंतबाईंनी दिली.

आत येताच परब मला म्हणाला, "बाई, वाट लागली. माझी सहा वर्षां गेली."

अभिनयाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं, तरी तो हसला नाही. दिग्दर्शनाचं मला मिळालं, शेवटच्या प्रसंगातल्या संयमाबद्दल. मी ते घेतलं. नाही कशाला म्हणू?

तिसऱ्या दिवशी मी नाटकाचे कपडे परत करायला कारखान्यात गेले, तर परब गेटवरच. तोंड एवढंसं.

"बाई, साहेबांनी बोलावल्यानी. म्हणाले, 'या परब, बसा.' खुर्ची दिल्यानी! ह्या कंपनीत शिपायाक 'बसा' फक्त काढताना म्हणतत. मी काम आसा सांगून पळालंय."

मी तडक गुप्ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"अहो बाई," साहेब म्हणाले, "महिनाभर बाबा म्हटलंय हो त्याला… त्यांना. आणि परवा त्यांनी माझी अब्रू वाचवली. आता 'ए परब' तोंडातून निघतच नाही."

"आणि त्यांचा कागद?"

"सही केली की. तेच सांगायला बसवत होतो, तर पळाले!"

त्यानंतर मी बऱ्याच कंपन्यांची नाटकं बसवली. पहिल्या तालमीला स्क्रिप्ट नंतर वाटते. आधी विचारते, कोणाचा कागद कोणाच्या टेबलावर आहे.