मी न केलेलं भाषांतर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हसून उठून जाणाऱ्यांतला मी. अजूनही तसाच आहे. हा अनुभव भुताचा नाहीच. भुताचा असता तर बरं झालं असतं... निदान दोष त्याच्यावर ढकलता आला असता.

तीस सालचा सोलापूरचा मार्शल लॉ उठून वर्ष होऊन गेलं होतं. शहराबाहेर, रेल्वे सायडिंगलगत, लष्कराचा चाऱ्याचा डेपो होता. तिथे मी कारकून. माळावरचं गवत यायचं, प्रेसमध्ये दाबून त्याचे गठ्ठे व्हायचे आणि लष्कराच्या घोड्यांसाठी पुण्याकडे जायचे. प्रेसचा लांब लोखंडी दांडा चार माणसं ओढायची. दांडा उलटा उसळू नये म्हणून एक खटका होता. दर आठवड्याला तो पाहून रजिस्टरात शेरा मारायचं काम माझं. शेड ऑफिसपासून दोन फर्लांगांवर. ऊन, धूळ, गवताची खाज... मी खुर्चीत बसूनच ‘तपासले, ठीक’ लिहून सही ठोकायचो. किती आठवडे? पहिले दोन सोडले तर सगळे.

एका सकाळी खटका सुटला. दांडा उसळला आणि मल्लय्याचा उजवा हात चेचला गेला. मल्लय्या मूळचा विणकर. माग बंद पडला म्हणून आमच्याकडे आला होता. इस्पितळात त्याचा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशीला पुण्याहून गोरा साहेब आला. मल्लय्याला तेलुगूच नीट बोलता येई. माझे वडील तेलुगू विणकरांच्या, पद्मशाळी वस्तीतल्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे लहानपणापासून मला ती भाषा येत होती. दुभाषा म्हणून मलाच बसवलं.

आत जाण्याआधी मुकादम रंगरावानं मला दारात गाठलं.

“भाऊसाहेब, समदं तुमच्या हातात हाय. त्याचा पाय घसरला म्हना. रजिस्टरात तुमची बी सही हाय की!”

 मी ठरवलं तेव्हाच.

सकाळचे अकरा वाजले असतील. टेबलामागे साहेब, बाजूला टाइपरायटरवर गोव्याकडचा टायपिस्ट. तेलुगू दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. समोर स्टुलावर मल्लय्या, कापलेल्या हाताला गळ्यातून झोळी बांधलेली. तो सावकाश बोलला, एकेक वाक्य. मी भाषांतर केलं — “हिज फूट स्लिप्ड. नोबडीज फॉल्ट.” हे शब्द माझ्या तोंडून निघाले. मी ते माझ्या कानांनी ऐकले. साहेबानं मान हलवली आणि चौकशी संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टायपिस्टनं कागद सहीला आणले. मी वाचायला लागलो. इंग्रजीत लिहिलं होतं — ‘खटका घसरतो हे मी मुकादमाला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, हात चालव, नाहीतर घरी जा. खटका तपासायला कुणी येत नव्हतं.’ आणि शेवटी — ‘बाबू, तुमच्या वडिलांनी मला अक्षरं शिकवली. तुम्ही तरी खरं सांगा.’

हे शेवटचं वाक्य तो माझ्याकडे पाहून हळूच बोलला होता. त्याचं खोटं भाषांतरसुद्धा मी केलं नव्हतं.

“हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

टायपिस्ट हसला. “तुम्हीच की! तुमच्या तोंडून आलं तेच उतरवलं. शेवटच्या वाक्याला तुम्ही अडखळलात, साहेबांनी पाणी मागवलं तुमच्यासाठी... विसरलात?”

मी पाणी प्यायलो नव्हतो. शपथेवर सांगतो.

नाकारायचं तर आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागणार. मी गुपचूप सही केली.

साहेबानं बोलावून हात मिळवला. “स्वतःच्या सहीविरुद्ध बोललास. अशी माणसं कमी.” मला नुसती ताकीद मिळाली. नवा खटका आणि पुढे लोखंडी जाळी बसेपर्यंत प्रेस बंद राहिलं. तपासणीला वेगळा मिस्त्री नेमला. मल्लय्याला फाटकावर काम मिळालं. रंगरावाला काढून टाकलं. जाताना तो म्हणाला, “लई मोठं मन दावलं, भाऊसाहेब... माझ्या जिवावर.” 

पुढची दोन वर्षं मल्लय्याच्या घरी मी देवमाणूस होतो. सणाला पहिलं ताट माझं. त्याची बायको नरसव्वा पोरांना माझ्या पाया पडायला लावायची, आणि मी अर्धं ताट तसंच टाकून उठायचो. शेवटी एका रविवारी दुपारी गेलो आणि त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं — न पाहता केलेल्या सह्या, पाय घसरला म्हणालो ते, टायपिस्टचे कागद.

नरसव्वा पदर तोंडाशी धरून आत गेली. मल्लय्यानं विचारलं,

“मग खरं कुणी सांगितलं, बाबू?”

“माहीत नाही.”

“तुमचाच आवाज होता म्हणतात ना?”

“म्हणतात.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “मग तुमचे उपकार नाहीत माझ्यावर. बरं झालं सांगितलंत... मला ते फार जड होत होतं.”

मी उठलो. त्यानं बसा म्हटलं नाही.

त्या खोलीत माझ्या तोंडून कोण बोललं, हे आजही मला सांगता येत नाही. मी नव्हतो, एवढंच मला पक्कं माहीत आहे.