साखरपुड्यातलं नऊशेचं घड्याळ

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षर तर मलाच लागत नाही, तेव्हा आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, नंतर हातात पेन कमी आणि लाटणं जास्त. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून टाकली की लिहायला बरं वाटतं.

लेकीचं जमलं तेव्हाची गोष्ट. मुलगा पिशोरचा, नोकरीला वाळूजला. साखरपुड्यात मुलाला अंगठी आणि घड्याळ द्यायची आमच्यात रीत. अंगठी झाली. घड्याळ मात्र मुलाच्या मनात एकच बसलेलं, परदेशी. लेकीनं मोबाइलवर किंमत दाखवली.

"बाई गं, एवढ्यात दोन लग्नं होतील," मी म्हणाले.

"खरं नाही गं आई. ते म्हणले, फर्स्ट कॉपी घ्या. नक्कल असती, पण ओळखू येत नाय."

म्हणजे जावयाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आम्ही मायलेकी रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो. गल्लीतलं छोटं दुकान, काचेत नुसती घड्याळंच घड्याळं. दुकानदार म्हातारा, तोंडात पान.

"खाला, ये देखो. असली वाला भी इसको देखके शरमाएगा. पूरा वॉटरप्रूफ है. बस, पानी से बचाना."

लेक खुदकन हसली. "और गॅरंटी?"

"गॅरंटी है ना. दुकान की पायरी उतरे तक."

अठराशे म्हणाला. मला भाव करता येत नाही, लाज वाटते. मी आपली खाली बघत पदराचं टोक पिळत राहिले. तो म्हणाला पंधराशे. मी गप्प. बाराशे. मी पदरच पिळते. शेवटी वैतागून म्हणाला, "खाला, कुछ तो बोलो! नौ सौ दे दो, मेरे को नमाज को जाना है." बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, तू तर लई पोहोचलेली निघालीस!" वर खोकाही मिळाला, आतून मखमल, वर सोनेरी नाव.

साखरपुडा आमच्याच गल्लीत, मांडव घालून. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या आणि माझ्या चुलत दिरानं माइक हातात घेतला. आहेर पुकारायची त्यांना भारी हौस. त्यांनी खोक्यावरचं नाव मोबाइलमध्ये टाकलं, डोळे मोठे केले आणि ओरडले, "नवरदेवाला सासूबाईंकडून घड्याळ! किंमत रुपये दोन लाख ऐंशी हजार फक्त!"

टाळ्या. मी उठून नाही म्हणायला पाहिजे होतं. पण दोनशे माणसांत माझं तोंड उघडेल होय? मान खाली घालून बसले. शेजारची बाई म्हणाली, "बघा, एवढं देऊनबी गर्व नाय." जावयाकडे पाहिलं, तर तोही मान खाली घालून बसलेला. माझ्यावरच गेला होता.

पंधरा दिवसांनी लेकीनं सांगितलं, तिकडं नेकलेस घेतला. मुलीकडच्यांनी एवढं केलं तर आपणही तोडीचं घालायचं, असं व्याह्यांचं म्हणणं. म्हशीसाठी जमवलेले सगळे पैसे त्यात गेले. मी जावयाला फोन लावला.

"तुम्ही सांगितलं नाही का हो घरी?"

"मामी, रोज ठरवतो. बाबा गावभर सांगत फिरतात, मग जीभच उचलत नाय."

लग्नाला महिना होता. आमचे हे म्हणाले, "सांगितलं आणि मोडलं तर?" ती भीती मलाही होतीच. पण दुसऱ्याची म्हैस गळ्यात घालून लेक नांदायला जाणार, हे गिळेना. रविवारी एकटीच पिशोरच्या एसटीत बसले. वाटभर वाक्यं पाठ केली. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर तोंडातून "नऊशे" निघालं.

विहीणबाई भाकरी थापत होत्या. जय भीम झालं, पाणी झालं. पाठ केलेलं सगळं विसरले.

"ताई, घड्याळ नकली हाय. नऊशेचं."

त्यांचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी जळायला लागली, ती मीच उलटली.

"पोराला ठावं हाय?"

"हाय. पण त्याला बोलायला जमलं नाय. मलाबी."

"अहो, ऐकलं का!" त्या अंगणात व्याह्यांना ओरडल्या. "तुमचं अडीच-तीन लाखाचं घड्याळ नऊशेवर आलं!" मग माझ्याकडे वळल्या. "तुमाला द्यायचं नव्हतं, तर नव्हतं म्हणायचं. आम्ही काय मागितलं होतं? माझी म्हैस गेली ना!"

मी रडले नाही, याचं मलाच नवल. व्याही आत आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "सोनार नेकलेस माघारी घेईल. पण घडणावळ कापणार, सहा हजार."

"ते मी भरते," मी म्हणाले. "महिन्याला पाचशे."

"आणि लग्न?" विहीणबाईंनी विचारलं. मला वाटलं, आता संपलं. पण त्या व्याह्यांना विचारत होत्या.

"लग्नाला काय झालं? पोरगी तर असली हाय ना?" ते म्हणाले, आणि विहीणबाईंना पदर तोंडाला लावावा लागला, इतकं हसू आलं.

लेकीला नेकलेस जाणार म्हणून सांगितलं, तर म्हणते कशी, "जाऊ दे. नेकलेसशी काय गप्पा मारणार? म्हैस तरी मैत्रीण होईल."

लग्न झालं, म्हैसही आली. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते, त्या पगारातून दर महिन्याला पाचशे बाजूला काढून पाठवत गेले. दोन महिने चुकले, ते पुढं भरले. विहीणबाई मध्ये म्हणाल्या, "आता पुरं करा हो, आपण काय परके?" मी ऐकलं नाही. परवा पिशोरला गेले तेव्हा शेवटचे पाचशे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी न मोजताच कनवटीला लावले. सहा हजार पुरे फिटले.