पाठ टेकली तो रविवार

अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार, संध्याकाळ. टिटवाळा, धाकट्या भावाचं घर. हजर: भाऊ, पलंगावर उशांना टेकवून बसवलेला. भावजय. त्यांची एकुलती एक मुलगी, दाराशी उभी, बस म्हटलं तरी बसेना. शेजारच्या काकू, न बोलावता आलेल्या. आणि मी, डोंबिवलीहून भावाच्या गोळ्या आणि पोळीभाजीचा डबा घेऊन. तसे आम्ही पाचजण पुन्हा एकत्र बसलो नाही.

टीव्हीवर आमची हीच मुलगी दिसणार होती. व्यावसायिक कुस्तीसाठी मुली निवडण्याची स्पर्धा होती. झगमगते कपडे, टोपणनाव, रिंगण, आणि कोण कुणाला कसं उचलून आपटणार ते आधीच ठरलेलं. मी तिच्याबरोबर ठाण्याच्या स्टुडिओत गेले होते, पण नातेवाइकांना बाहेर मांडवात बसवून ठेवलं होतं. निकाल कुणाला सांगणार नाही, असं मुलींकडून लिहून घेतलेलं. त्यामुळे काय झालं ते खोलीत फक्त तिला माहीत होतं.

भाऊ तरुणपणी मातीत कुस्ती खेळला. नंतर नोकरी सांभाळून गावातल्या मुलींना मॅटवर शिकवायचा. त्याचं शिकवणं एका वाक्याचं: पाठ टेकायची नाही. खांदे टेकले की कुस्ती संपली. स्वतःची पोरगी धड चालायला लागली नव्हती तेव्हापासून तो तिला गादीवर ढकलायचा. ती हवेतच वळून पोटावर पडली की पेढा. राज्य स्पर्धेपर्यंत ती अशीच वळत गेली. मग याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, वर्ग बंद पडला. त्यानंतर ही स्पर्धा तिने स्वतः शोधून काढली. शिकलेलं कुठेतरी कामी यावं, एवढंच तिला हवं होतं.

पडद्यावर तिची पाळी आली. परीक्षा पडण्याची. मागे झोकून द्यायचं, दोन्ही हात पसरून सपाट पाठीवर पडायचं.

"काय गो, पडायचं पण शिकवतात का?" काकू म्हणाल्या. "आमचा नातू बिनफीचा पडतो."

ती मागे झुकली, आणि हवेत वळली. पोटावर.

"शाब्बास," भाऊ म्हणाला. महिन्याभरात त्याचा इतका स्पष्ट शब्द आम्ही ऐकला नव्हता.

"अहो, शाब्बास काय? चुकली ती," भावजय पुटपुटली. परीक्षक मान हलवत होते. दुसऱ्यांदाही ती वळली. भावाने डावा हात मांडीवर मारला, शड्डू ठोकावा तसा. त्याच्या लेखी ती जिंकत होती. आम्ही बायका मात्र धास्तावलो, कारण परीक्षकाने बजावलं होतं, "आखरी मौका. पीठ लगाओ, नहीं तो घर."

तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि पडली. सपाट. हातांचा फटका, त्यातच डोक्याचा एक बारीक आवाज, मग टाळ्या. तिची निवड झाली होती. काकूंनीही टाळ्या वाजवल्या.

भावाने मान भिंतीकडे फिरवली.

"बाबा, तिथे पडणं म्हणजे हरणं नाही," ती दारातूनच म्हणाली. त्याने वळून पाहिलं नाही. ती बॅग भरायला आत गेली. पहाटे तिला निवडलेल्या मुलींच्या शिबिराची गाडी न्यायला आली, तेव्हा तो झोपलेला होता.

मंगळवारी मी त्याचा हात चोळत होते.

"ताई... डोकं."

"दुखतंय का रे?"

त्याने डावा हात टीव्हीकडे केला. "तिचं. आपटलं." मग त्याच हाताने स्वतःची हनुवटी छातीशी दाबून धरली. "अशी. आत. सांग तिला."

"म्हणजे रागावला नाहीस ना तू?"

मंद विद्यार्थिनीकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "राग कसला? बघवेना."

शिबिरात मुलींचे फोन काढून घेतले होते, रविवारी देत. पण शुक्रवारीच त्याला दुसरा झटका आला.

ती आली. सगळं नीट केलं, अग्नीही तिनेच दिला. दहाव्याच्या दुपारी मी तिला गच्चीत गाठलं आणि म्हटलं, "अगं, बाबा तुझ्याबद्दल मला म्हणाला..."

"आत्या, नको. त्यांनी तोंड फिरवलं ते मी पाहिलंय. आता समजूत नको काढूस."

मी बोलले असते. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की या घटकेला मी काहीही सांगितलं तरी ती समजूतच ठरणार. साक्षीला दुसरं कुणी नव्हतं. भावजय त्या मंगळवारी दुकानात गेली होती.

मी कामं मार्गी लावणारी बाई आहे. पेन्शनचे कागद झाले. पलंग वृद्धाश्रमात गेला. उरलेल्या गोळ्या औषधवाल्याने परत घेतल्या, मॅट शाळेने नेल्या. माझ्या यादीत प्रत्येकापुढे बरोबरची खूण आहे.

परवा तिला टीव्हीवर पाहिलं. कपड्यांना चकाकी, नाव तिसरंच. समोरच्या मुलीने उचलून टाकलं तेव्हा ती सपाट पाठीवर पडली, आणि हनुवटी आत होती. तिकडे कुणीतरी शिकवली असणार. म्हणजे निरोपातला तेवढा भाग आता तिला लागत नाही.

उरलेला सांगायचा आहे.