डोलणाऱ्या राजाची झोप

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी माझी रवानगी पाळणाघरात झाली. तिथे मी शिकाऊ मिस होते, पण आमच्या ह्यांनी गल्लीभर अशा थाटात सांगितलं, की शेजारणीने विचारलं, "दुपारचा डबा बरोबर नेतेस, की तिथेच भरवतात?" पाळणाघर माझ्या धाकट्या नणंदेचं, सरोजाचं. (तिच्याबद्दल मी बिनधास्त लिहिणार आहे. आमच्या तंजावरच्या घरात मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी वाचता येते ती फक्त मला. वडिलांनी हट्टाने शिकवली, त्यांचे उपकार कसे फेडू!)

पहिल्याच दिवशी सरोजाने अट घातली. "वहिनी, घरचीं पोरें वेगळीं. येथें दुपारचें जेवण झालें कीं सगळीं एकदम झोपलीं पायजेत. महिन्याभरांत तुम्हांस तें जमलें तर नोकरी कायम. नाहीं तर घर आहेच, सांबार आहेच."

मला ती नोकरी हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. इतकी वर्षं घरात मला एकच प्रश्न विचारला गेला होता: आज टिफिनला काय? इथे मुलं मला 'मिस' म्हणत. इस्त्रीची सुती साडी नेसून, पर्स घेऊन मी घराबाहेर पडत होते. हे सुख सोडून पुन्हा इडलीच्या पिठाकडे जायची माझी मुळीच तयारी नव्हती.

पण पोरं झोपतील तर शपथ! एकाला थोपटावं तर दुसरं उठे, दुसऱ्याला दटावावं तर तिसऱ्याला शू लागे. या सगळ्यांचा पुढारी होता इनियन. वय वर्षं चार. आई त्याला पापनाशमहून बसने घेऊन यायची, इथे सोडायची आणि कामावर जायची. हा मुलगा कधी रडायचा नाही, वाद घालायचा. मुलं सगळी तमिळच बोलत, मी मराठीत सांगते.

"मिस, झोप आलीच नाही, तर झोपायचं कसं?"



महिन्याचा शेवटचा दिवस नेमका नवरात्रात आला. पाळणाघरात पायऱ्या रचून कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, मांडला होता. बाहुल्या सगळ्या सासूबाईंच्या: लाकडी राजा-राणी, दुकान मांडून बसलेला चेट्टियार आणि त्याची बायको, वरात, वाजंत्री आणि एक आमचा तंजावरचा डोलणारा राजा. हा बुडाशी जड, कितीही आडवा करा, टुणकन उठून मान हलवतो. संध्याकाळी मुलांच्या आया हळदीकुंकवाला येणार होत्या, आणि आपल्या बाहुल्यांची तब्येत बघायला खुद्द सासूबाई.

"मी विड्याचीं पानें घेऊन येतें," सरोजा म्हणाली. "तुम्ही पोरांस झोपवा. बाकी कांहीं करूं नका!"

(बाकी काहीतरी करणं हा माझा जन्मजात रोग आहे.)

दार लावून मी मुलांना आडवं केलं. इनियन उठून बसला. "मिस, बाहुल्या झोपत नाहीत. मग आम्हीच का?"

आता ऐका. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी करायची, की कोलू संपला, ही रीत तंजावरचं शेंबडं पोरही जाणतं. मी स्वतः लग्न झाल्यापासून दरवर्षी करत आलेय. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात रीत नव्हती, फक्त नोकरी होती! मी चेट्टियारला उचलून आडवा केला. "हा बघ, झोपला."

"त्याची बायको?"

बायको झोपवली.

"राजा जागा आहे!"

लाकडी राजा झोपवला, राणी झोपवली. मग पोरांना चेव चढला. जो तो एकेक बाहुली झोपवू लागला. नॅपकिनांची पांघरुणं झाली. वाजंत्री नगाऱ्यासकट झोपले, नवरदेव घोड्यासकट झोपला! आणि आपापल्या बाहुलीला थोपटता थोपटता एकेक पोर कलंडायला लागलं. मी श्वास रोखून बघत होते.

उरला इनियन. त्याच्या हातात डोलणारा राजा. झोपवला की टुणकन वर!

"मिस, हा झोपत नाही. मग मीपण नाही."

मी त्या राजाला दोन्ही हातांनी छातीशी दाबला आणि त्याच्यासकट सतरंजीवर आडवी झाले. "आता झोपतो बघ. श्शू..."

जाग आली ती सासूबाईंच्या किंकाळीने.

"अय्यो! कोलू संपवला कीं गो हिनें!"

डोळे उघडले तर दारात सासूबाई, मागे पानांची जुडी घेतलेली सरोजा आणि तिच्यामागे यच्चयावत आया. पायऱ्यांवर एकही बाहुली उभी नव्हती. सरोजाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. माझी नोकरी गेली हे मला पडल्या पडल्याच कळलं.

मी धडपडत उठले. हात सुटले, आणि डोलणारा राजा टुणकन उभा राहिला. सगळ्यांसमोर ऐटीत मान हलवू लागला.

इनियन डोळे चोळत सासूबाईंना म्हणाला, "पाट्टी, म्हणजे आजी, राजा झोपलाच नव्हता! मिसने दाबून धरला होता."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, राजाला खालीवर न्याहाळलं. "एक जरी बाहुली जागी असली, तर कोलू चालूंच," त्यांनी निकाल दिला. (ही रीत खरी, की तिथल्या तिथे केलेली, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.)

इतक्यात इनियनच्या आईने तोंडावर हात नेला. "आमचा इनियन... दुपारी झोपला?" मग सगळ्याच आयांचं लक्ष सतरंजीकडे गेलं. एवढ्या गोंधळातही बाकीची पोरं ढाराढूर! त्या बायका हातातल्या बांगड्या आवरून, चवड्यांवर चालत आपापलं लेकरू बघायला गेल्या. दोघींनी तर तिथेच सरोजाला विचारलं, धाकट्याला कधीपासून पाठवू? माझी छाती अशी फुगली, की ब्लाऊजचं एक बटण तुटलं.

"वहिनी, नोकरी कायम," सरोजा पुटपुटली. तिला ते म्हणायला किती जड गेलं, ते पाहून माझ्या महिनाभराच्या कष्टांचं चीज झालं.

कोलू संपल्यावर बाहुल्या सासूबाईंच्या पेटीत गेल्या. डोलणारा राजा मात्र त्यांनी पाळणाघरालाच दिला. नवीन आई चौकशीला आली, की सरोजा त्याच्याकडे बोट दाखवून हटकून सांगते, "दुपारीं पोरांपाशीं आमचीं दोघें असतात. मिस झोपवतात, आणि हा लक्ष ठेवतो."